तंबाखूतील बंबाखू आणि रक्तातील एच.आय.व्ही.

निपाणी-चिकोडी भागात तंबाखू करणाऱ्याला बंबाखू म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. या तणाला हिरवे पान नाही आणि स्वतःचे अन्न तयार करण्याची शक्ती नाही. तंबाखूच्या मुळाला तोंड लावून ते जगते. जमिनीवर दिसू लागेपर्यंत खाली घात झालेला असतो. उपटून काढले तरी त्याचे धुळीसारखे बारीक बी जमिनीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते आणि तंबाखूचे मूळ जवळ आले की जागे होते.

हे सांगण्याचे कारण असे. आमच्या ओळखीच्या एका कष्टाळू शेतकऱ्याने सुगीच्या गडबडीत एच.आय.व्ही.च्या गोळ्या बंद केल्या. तपासणीत रक्तात विषाणू सापडला नव्हता. तेव्हा रोग गेला, आता बसने हेलपाटे कशाला, असे त्याला वाटले. काही महिन्यांत तो खंगला आणि क्षयाने अंथरुणाला खिळला. त्याच्या कारभारणीने आम्हांला विचारले, ‘‘रक्तात नव्हता, तर मग आला कुठून?’’ प्रश्न अगदी रास्त आहे.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकाच जातीच्या नसतात. कोणी पहारा करते, कोणी जंतू गिळते, तर कोणी हुकूम सोडते. एच.आय.व्ही. वाटेल त्या पेशीत शिरू शकत नाही. ज्या पेशीच्या अंगावर ‘सीडी-४’ नावाचे प्रथिन आहे, तिलाच तो चिकटतो. पण तेवढ्याने दार उघडत नाही; शेजारी दुसरी कडी लागते. ती बहुधा ‘सीसीआर-५’ असते, क्वचित ‘सीएक्ससीआर-४’. आपल्या देशात आढळणारा विषाणू बहुतांशी ‘सी’ उपप्रकारचा असून तो मुख्यतः पहिलीच कडी वापरतो. जर्मनीत २००७ साली तिमोथी रे ब्राउन या रुग्णाला रक्ताच्या कर्करोगासाठी दुसऱ्याचा अस्थिमज्जा दिला गेला. दात्याच्या पेशींवर ही कडी जन्मतःच नव्हती. ब्राउन एच.आय.व्ही.तून मुक्त झाले. मात्र तो उपचार जिवावरचा आहे आणि असे दातेही विरळाच. आपल्या लोकांत तर फारच विरळ. तेव्हा त्या आशेवर कोणी बसू नये.

शरीरसंबंधातून विषाणू आत आला की त्वचेच्या आतल्या ओलसर अस्तरातील फांद्याफांद्यांच्या पहारेकरी पेशी त्याला पकडतात आणि नेहमीच्या शिस्तीप्रमाणे जवळच्या लसिका गाठीत नेतात. चोराला धरून चावडीवर आणावे आणि चोराने तिथे जमलेल्या गावालाच लुटावे, तसे इथे घडते. कारण त्या गाठीत हुकूम सोडणाऱ्या सीडी-४ पेशी दाटीने असतात. विषाणू त्यांच्यात शिरून वाढतो आणि त्या मरतात. पुष्कळशा शेजारच्या पेशीही अर्धवट लागणीने मरतात. आतड्याच्या अस्तरातील या पेशींचा तर पहिल्या काही आठवड्यांतच फडशा पडतो. माणूस मात्र वरून धडधाकट दिसतो.

जंतू गिळणाऱ्या मोठ्या भक्षक पेशींची गोष्ट निराळी. त्यांतही विषाणू शिरतो, पण त्या लवकर मरत नाहीत. फुप्फुसात, मेंदूत त्या विषाणू पोटात घेऊन राहतात. क्षयाचे जंतूही याच पेशींत दबा धरून असतात. त्यांना आवरण्यासाठी भक्षक पेशीला सीडी-४ पेशीकडून चेतना मिळावी लागते. ती देणारेच उरले नाहीत, की क्षय उसळतो. आमच्या शेतकऱ्याचे हेच झाले.

आता कारभारणीच्या प्रश्नाचे उत्तर. काही सीडी-४ पेशी जुन्या रोगांची आठवण ठेवून वर्षानुवर्षे झोपून असतात. विषाणू आपली वंशलिपी त्यांच्या वंशलिपीत मिसळून टाकतो आणि गप्प बसतो. औषध नव्या पेशींची लागण अडवते. झोपलेल्या पेशीत ते काही करू शकत नाही, कारण तिथे चाललेलेच काही नसते. हा साठा निम्मा व्हायलाच साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो. गोळ्या थांबल्या, की यांतली एखादी पेशी जागी होते आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात दिसू लागतो. बंबाखूचे बी जमिनीत होतेच. तपासणी फक्त वर उगवलेले मोजते.

भारतात हा विषाणू प्रथम १९८६ साली चेन्नईत सापडला. सरकारी मोफत औषधे २००४ पासून मिळू लागली. पूर्वी सीडी-४ पेशी बऱ्याच कमी होईपर्यंत औषध देत नसत. २०१७ पासून निदान होताच ते सुरू करतात. नियमित औषधाने ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. एका ताटात जेवल्याने, चहाच्या कपाने किंवा हातात हात दिल्याने तर ती कधीच होत नव्हती. तरीही त्या घरचे पाणी नाकारणारे आपल्यात आहेत, याची आम्हांला लाज वाटते.

ऊसतोडीला किंवा कामासाठी परगावी जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी एआरटी केंद्रात तसे सांगावे. प्रकृती स्थिर असेल तर एकाहून अधिक महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, किंवा कामाच्या गावाजवळच्या केंद्राची चिठ्ठी मिळते. केंद्रात नाव गुप्त ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आमचा शेतकरी आता पुन्हा गोळी घेतो आहे. यंदा मळ्याला पाणी पाजायला तोच उभा होता.