संगणकातील आज्ञावलींचे गट : बसविणे आणि काढणे

कागल तालुक्यातील बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. गळीत हंगाम जवळ आला की ऊसतोडणीसाठी मुकादमाशी करार होतो. प्रत्येक मजुराशी वेगळी बोलणी करावी लागत नाहीत. मुकादमास उचल दिली की त्याच्यामागोमाग सारी टोळी फडात उतरते. संगणकाच्या कार्यप्रणालीतही अशीच एक सोय आहे. शाळा व ग्रामपंचायतींतून संगणक हाताळणाऱ्यांनी ती समजून घेणे अगत्याचे आहे.

इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन या मुक्त कार्यप्रणालीचे उदाहरण घेऊ. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. डेबियनच्या २०२३ च्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे, म्हणजे आज्ञावलींचे सुटे संच, होते. त्यांतून हवे ते एकेक निवडणे जाणकारासही जिकिरीचे. म्हणून ‘मेटापॅकेज’ योजले गेले. त्याच्या पोटात स्वतःचे असे काहीच नसते. असते ती केवळ इतर पॅकेजांची यादी. मुकादम स्वतः कोयता चालवीत नाही, तसेच हे. मराठीसाठीही असा गट आहे. तो मागविला की देवनागरी अक्षरांचे फाँट आणि मराठीतून काम करण्याची इतर साधने एकदम बसतात.

बसविणे असे सोपे. खरी अडचण काढताना येते. देवनागरी फाँट मराठी गटाला हवा असतो, तसाच हिंदी गटालाही. एका गटाबरोबर तो काढला तर दुसऱ्याचे काम अडते. आर्थिक वर्षाच्या अखेरीस ठरावांची प्रत काढावी आणि पडद्यावर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसावेत, हा प्रसंग कोणत्याही ग्रामसेवकास नकोसाच. अशा वेळी मजकूर नष्ट झालेला नसतो. फाँट पुन्हा बसविताच तो पूर्ववत दिसतो, एवढाच दिलासा.

याकरिता कार्यप्रणाली प्रत्येक पॅकेजाची नोंद ठेवते : वापरणाऱ्याने ते मागितले होते, की दुसऱ्यासोबत ते आपोआप आले? आपोआप आलेले आणि आता कोणासही नको असलेले पॅकेज तेवढे काढण्याजोगे ठरते. मात्र या नियमातूनच एक घोटाळा उद्भवत असे. गटातील एखादेच नकोसे पॅकेज काढले की यादी अपुरी पडून मेटापॅकेजही जाई, आणि मग उरलेली सारी टोळी बिनधन्याची ठरून काढावयाच्या यादीत येई! यावर डेबियनने उपाय केला : मेटापॅकेजाने आणलेली पॅकेजे ‘आपोआप आलेली’ धरावयाची नाहीत. परिणामी मेटापॅकेज काढले तरी गट जागेवर राहतो. जागा मोकळी करावयाची तर पॅकेजे नावानिशी काढावी लागतात. फेडोरा या कार्यप्रणालीची रीत वेगळी. तेथे गटाची स्वतंत्र नोंद असते. गट काढताना, वापरणाऱ्याने स्वतः मागितलेली किंवा बसविलेल्या अन्य गटात मोडणारी पॅकेजे वगळून बाकीची काढली जातात.

दोन्हीकडे, काढण्यापूर्वी जाणाऱ्या पॅकेजांची यादी पडद्यावर येते आणि संमती विचारली जाते. ही यादी पुष्कळदा न वाचताच होकार दिला जातो. तीत फाँट, छपाई यंत्राची पॅकेजे किंवा पडद्यावरील मांडणीची पॅकेजे दिसल्यास नकार द्यावा; नकार दिल्यास संगणकात काहीही बदल होत नाही.