लाइव्ह सीडी लावली की फोटो जातात का?

एखाद्या घरात आठ-दहा वर्षं जुना डेस्कटॉप धूळ खात पडलेला असतो. मुलांसाठी त्यावर लाइव्ह सीडीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता, शैक्षणिक लिनक्स चालवून बघा, असं कुणी सुचवलं की घरातून आधी फोटोंची काळजी व्यक्त होते. ही काळजी आणि तिच्यासोबत येणारे इतर समज एकदा तपासून घेतलेले बरे.

गैरसमज : सीडी लावली की हार्ड डिस्क पुसली जाते.

वस्तुस्थिती : लाइव्ह सीडीवरची ऑपरेटिंग सिस्टिम लागेल तसं सीडीवरून वाचत रॅममध्येच चालते. जर्मनीच्या क्लाऊस क्नॉपर यांनी २००० साली 'नॉपिक्स' हे लाइव्ह सीडीवरचं लिनक्स आणलं; त्यात ७०० एमबीच्या सीडीत सुमारे २ जीबीचं सॉफ्टवेअर दाबून बसवलेलं असायचं. हार्ड डिस्क नसलेल्या संगणकावरही ते चालायचं. आजही सुरुवातीला 'वापरून पाहा' आणि 'इन्स्टॉल करा' असे पर्याय समोर येतात. पहिला निवडला, तर विंडोज आणि फोटो जागच्या जागी राहतात. धोका दुसऱ्या पर्यायात आहे. तिथे 'संपूर्ण डिस्क पुसा' निवडलं, तर सगळं खरोखरच जातं. आणखी एक : लाइव्ह चालू असताना हार्ड डिस्कवरच्या फायली उघडता येतात. त्या स्वतःच्या हाताने खोडल्या, तर त्याही जातात. म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत आधीच काढून ठेवावी.

गैरसमज : मुलाने काढलेलं चित्र उद्या तिथेच सापडेल.

वस्तुस्थिती : सापडणार नाही. संगणक बंद केला की रॅम रिकामी होते. चित्र हवं असेल, तर ते वेगळ्या पेनड्राइव्हवर साठवावं लागतं. पेनड्राइव्हवरून बूट करताना त्यातलाच काही भाग कायमच्या साठवणुकीसाठी राखून ठेवता येतो. सीडीला ती सोय नाही.

गैरसमज : सीडीवरून रखडत चालतं, म्हणजे लिनक्सच संथ.

वस्तुस्थिती : संथ असते ती सीडी. ५२ एक्स वेगाचा ड्राइव्हसुद्धा सेकंदाला जास्तीत जास्त ७.८ एमबी वाचतो. साधी हार्ड डिस्क याच्या कितीतरी पुढे असते.

गैरसमज : शैक्षणिक म्हणजे बालवाडीचे खेळ.

वस्तुस्थिती : 'जीकॉम्प्री' आणि 'टक्स पेंट' लहानांसाठी आहेत, हे खरं. पण 'जिओजेब्रा'त दहावीची भूमिती करता येते, 'काल्झियम'मध्ये मूलद्रव्यांची आवर्तसारणी पाहता येते आणि 'केस्टार्स'मध्ये आपल्या शहराचे अक्षांश-रेखांश भरले की आज रात्री गुरू कुठे दिसेल ते कळतं. एकदा डिस्कवर आलेल्या या प्रोग्रॅमपैकी बहुतेकांना इंटरनेट लागत नाही.

गैरसमज : हे सगळं परदेशी मुलांसाठी, आपल्याकडे कोण वापरतं?

वस्तुस्थिती : रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरात नावाची वाडी आहे. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचा भारतातला प्रयोग २००७ मध्ये तिथल्या छोट्याशा शाळेत झाला. मुलांच्या हाती आलेल्या एक्सओ लॅपटॉपला फक्त २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण होती. त्यावर 'शुगर' ही मुलांसाठी बनवलेली लिनक्स व्यवस्था चालायची. पुढे २००९ मध्ये तीच 'शुगर' पेनड्राइव्हवरून बूट होण्याच्या रूपात आली आणि तो लॅपटॉप नसलेल्या घरांनाही वापरून पाहता आली. चेन्नईच्या सीडॅकने 'बॉस' ही भारतीय भाषांची लिनक्स तयार केली आणि 'एज्युबॉस' ही तिची शाळांसाठीची आवृत्ती आणली. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक बहुतेक लिनक्समध्ये आधीपासूनच असतो.

गैरसमज : फुकट आहे, म्हणजे चोरीचं असणार.

वस्तुस्थिती : विंडोजची चोरटी प्रत आणि लिनक्सची मोफत प्रत यांत कायद्याचा फरक आहे. लिनक्सचा परवानाच प्रती काढून वाटण्याची मुभा देतो. शेजाऱ्याला, शाळेला खुशाल द्या.

गैरसमज : कितीही जुना संगणक चालेल.

वस्तुस्थिती : इथे मात्र उत्साह आवरायला हवा. 'एडुबंटू' हे शैक्षणिक लिनक्स २००५ मध्ये आलं, २०१४ च्या आवृत्तीनंतर थांबलं आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालं. आजची त्याची फाइल ७०० एमबीच्या सीडीत मावण्याचा प्रश्नच नाही. पेनड्राइव्हच लागतो आणि संगणकही ६४ बिटचा हवा. रॅम ४ जीबीपेक्षा कमी असेल, तर 'शुगर'सारखा हलका पर्याय बरा.

करून पाहायचं असेल, तर फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. पेनड्राइव्ह बूट करण्याजोगा करताना त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. संगणक सुरू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून बूट मेनू उघडा. कुठली कळ ते कंपनीनुसार बदलतं. मग 'वापरून पाहा' निवडून तासभर मुलांच्या हाती द्या. इन्स्टॉल करायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.