लॅपटॉपला ताप आलाय का?

मित्रांनो, तुमच्या अंगात १०२ ताप भरला की घरात केवढी धावपळ होते! शाळेला सुट्टी आणि डॉक्टरकाकांकडे रवानगी! पण लॅपटॉपच्या पोटातली प्रोसेसर नावाची चिप जोरात काम करू लागली, की तिचा ‘ताप’ ९० अंशांच्याही वर जातो. आणि तो आपल्यासारखा फॅरनहाइटमध्ये नव्हे, सेल्सिअसमध्ये! म्हणजे जवळजवळ उकळत्या पाण्याइतका. मग घाबरायचं का?

आधी ती तापते का, ते पाहू. या इवल्याशा चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात. ते सतत चालू-बंद होत असतात आणि त्यांना लागणाऱ्या विजेची शेवटी उष्णताच होते. ती बाहेर काढण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चिपला लागून तांब्याची एक बंद नळी असते. तिच्यात थोडंसं पाणी असतं. चिपजवळ त्याची वाफ होते आणि दुसऱ्या टोकाला जाऊन तिचं पुन्हा पाणी होतं. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब जमतात ना, तसंच! त्या टोकाजवळचा पंखा गरम हवा बाहेर फेकतो.

शिवाय चिप शहाणी असते बरं का! इंटेल कंपनीच्या बऱ्याच लॅपटॉप-चिपांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचली की चिप आपला वेग आपणच कमी करते. तेवढ्यानंही भागलं नाही, तर लॅपटॉप स्वतःहून बंद होतो. तेव्हा गेम खेळताना पंखा घुर्रघुर्र करू लागला, तर घाबरू नका. तो आपलं काम करतोय.

खरी काळजी आहे ती आपल्या सवयींची. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवला, की खालच्या फटी बुजतात आणि गरम हवा आतच कोंडते. चिप स्वतःला सांभाळते, पण बॅटरीचं आयुष्य उष्णतेनं घटत जातं. ॲपल कंपनी आपले लॅपटॉप १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगते. आपल्या चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५च्या वर चढतो! अशा वेळी बंद मोटारीत लॅपटॉप ठेवून जाणं नकोच.

आणि मांडीवर? स्वित्झर्लंडमधला १२ वर्षांचा एक मुलगा काही महिने रोज तासन् तास लॅपटॉप मांडीवर घेऊन गेम खेळत असे. त्याच्या डाव्या मांडीवर जाळीसारखे डाग उठले. २०१० साली एका वैद्यकीय नियतकालिकात त्याची हकिगत छापून आली. चटका बसत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही.

मग काय करायचं? लॅपटॉप टेबलावर किंवा पाटावर ठेवा, फटी मोकळ्या ठेवा. लवकर थंड व्हावा म्हणून फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका हं! बाहेर काढल्यावर त्यात दव जमेल. धूळ साचली असेल, तर ती जाणकाराकडून साफ करून घ्या.

काही काम नसतानाही लॅपटॉप तापत असेल किंवा वारंवार बंद पडत असेल, तर आईबाबांना सांगा. आणि खालची बाजू फुगलेली दिसली किंवा जळका वास आला, तर तो लगेच बंद करायचा, चार्जर काढायचा आणि मोठ्यांना हाक मारायची. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. ती पेट घेऊ शकते!