मातीतला धातू (लेखांक ६) : जुनी यंत्रे, जुनी मंडळे आणि दायमाबादचा रथ

शिर्डीला दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मेटल डिटेक्टर म्हणजे दारातली चौकट. ब्रिटन-अमेरिकेत १९६० आणि ७०च्या दशकांतले चित्र वेगळे होते. लांब दांडा, टोकाला गोल तबकडी, कानाला हेडफोन, आणि सुटीच्या दिवशी नांगरटीच्या रानातून संथ पावलांनी चालणारी माणसे. त्या काळातली यंत्रे आज संग्राहक जपून ठेवतात, दुरुस्त करतात. फिशर, व्हाइट्स, गॅरेट, सी-स्कोप ही नावे तिकडचे वयस्क छंदी लोक आपल्याकडे जुन्या मर्फी रेडिओचे नाव घ्यावे तशा मायेने घेतात. या हळव्या आठवणींचा नगर जिल्ह्याशी, म्हणजे आजच्या अहिल्यानगरशी, संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. त्या जुन्या दिवसांत खरोखर हळहळ वाटावी असे जे होते ते यंत्रात नव्हते, छंदी लोकांच्या मंडळांच्या नोंदवहीत होते. आणि ती वही नसल्याची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे.

आधी यंत्राकडे पाहू. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी १८८१ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युतचुंबकीय उपकरण वापरून पाहिले. गोळी काही सापडली नाही. पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी दुसऱ्या महायुद्धात बनवलेला सुरुंगशोधक १९४२ साली एल अलामीनच्या वाळवंटात कामी आला, आणि युद्ध संपल्यावर सैन्याकडची जादा यंत्रे छंदी लोकांच्या हाती गेली. चार्ल्स गॅरेट यांनी १९६४ साली आपली कंपनी काढली. त्या पिढीतल्या बहुतेक स्वस्त यंत्रांची रचना सोपी होती. आत दोन ऑसिलेटर असत. एकाची कंप्रता ठरलेली, दुसऱ्याची तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यावर अवलंबून. दोन्हींतला फरक कानात सूर होऊन ऐकू येई, आणि वेटोळ्याखाली धातू आला की तो सूर बदले. पण सूर बदलायला धातूच लागतो असे नाही. आपल्या दख्खनच्या बेसॉल्ट खडकात मॅग्नेटाइट असते, आणि त्याच खडकाची झीज होऊन आपली काळी माती झाली आहे. अशा जमिनीवर तबकडी चार बोटे वरखाली झाली तरी यंत्र बोलू लागते. इंग्लंडच्या खडूच्या मातीत नाणे दाखवणारे ते यंत्र नेवाशाच्या किंवा राहुरीच्या रानात माणसाला दिवसभर नुसते चकवत राहिले असते. ७०च्या दशकात लोखंड वगळून इतर धातू दाखवणारी सुधारित यंत्रे आली. त्यांनी शोध सोपा केला, पण प्राचीन खिळे, पाती, फाळ हेही ‘कचरा’ ठरवले. यंत्र म्हणून त्यांच्यात उसासे टाकण्यासारखे फार काही नाही.

मंडळांची गोष्ट निराळी. छंद पसरला तसे पुरातत्त्वज्ञ बिथरले, आणि १९८०च्या सुमारास ब्रिटनमध्ये या छंदाविरुद्ध जाहीर मोहीम उघडली गेली. त्याला उत्तर म्हणून १९८१ साली मंडळांनी आपली राष्ट्रीय परिषद उभी केली. नॉरफोक परगण्यात मात्र १९७०च्या दशकापासूनच वेगळा रस्ता धरला होता. तिथले पुरातत्त्वज्ञ मंडळांच्या लोकांना भेटत, सापडलेल्या वस्तू ओळखून देत, आणि त्या बदल्यात एकच गोष्ट मागत: नेमकी कुठे सापडली ते सांगा. पुढे १९९७ साली इंग्लंड-वेल्समध्ये सापडलेल्या वस्तूंच्या स्वेच्छा नोंदणीची सरकारी योजना सुरू झाली तिच्यामागे हाच अनुभव होता. आज तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदलेल्या आहेत. या शिस्तीचे मोल १९९२च्या नोव्हेंबरात सफोकमधल्या हॉक्स्न गावी दिसले. एक गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधून देत होते. त्यांना रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी आणि चमचे लागले. थोडे उकरल्यावर ते थांबले आणि त्यांनी कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी बाकीचा ठेवा जागेवरच उकलला. सुमारे पंधरा हजार नाणी मिळाली, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लाकडी पेटी कुजून गेलेली असूनही तिच्यात काय कुठे रचून ठेवले होते हे समजले.

आता प्रवरेच्या काठी या. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादचे टेकाड १९५८ साली बी. पी. बोपर्डीकरांनी पुरातत्त्वाच्या नकाशावर आणले. १९७४ साली तिथे झाडाच्या बुंध्याशी खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला ब्राँझच्या चार भरीव ओतीव वस्तू मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला, सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे वजन मिळून साठ किलोंहून जास्त. यंत्र नव्हते, मंडळही नव्हते. वस्तू सरकारपर्यंत पोहोचल्या आणि वाचल्या, हे त्या गावाचे थोर उपकार. पण जमिनीतून निघताना त्यांच्याभोवतीचा थर कोणी पाहिला नाही. त्यानंतर एस. आर. राव यांनी आणि १९७५ ते ७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केले. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा संस्कृतींचे एकावर एक थर त्यातून उलगडले. रथ यांतल्या कोणत्या थरातला? राव, साळी, म. के. ढवळीकर अशा अभ्यासकांनी परिस्थितीजन्य पुराव्यावरून तो उत्तर हडप्पा काळाचा मानला. डी. पी. अगरवाल यांनी धातूचे पृथक्करण पुढे करून शंका घेतली: या वस्तूंत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, आणि इथल्या ताम्रपाषाणयुगीन धातुकामात असे मिश्रण आढळत नाही. दोन्ही बाजूंची माणसे जाणती होती. वाद मिटला नाही, कारण तो मिटवणारा पुरावा वस्तूत नव्हता. भोवतालच्या मातीत होता, आणि ती माती विस्कटली होती. सिंधूची परंपरा गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत कोणत्या रूपाने पोहोचली, एवढा मोठा प्रश्न त्या दोन हात मातीवर अडून राहिला आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, मंडळांचे एवढे गुणगान कशाला, लुटारूही त्याच छंदातून निघाले. हे खरे आहे. सरे परगण्यातले वॉनबरोचे रोमन मंदिर १९८०च्या दशकात डिटेक्टरवाल्यांनीच रात्रीबेरात्री पोखरले, आणि १९९६चा तिथला ठेव्यांविषयीचा कायदा होण्यामागे ती लूट हे एक कारण होते. पण वॉनबरो आणि हॉक्स्न इथली यंत्रे एकाच जातीची होती. फरक पडला तो माणूस थांबला की नाही आणि त्याने सांगितले की नाही यामुळे. म्हणूनच नगरमध्ये डिटेक्टरची मंडळे काढावीत असे मी म्हणत नाही. आपल्याकडे गुप्तधनाच्या नावाने मांत्रिक खड्डे खणवून घेतात, माणसे नागवली जातात. गुप्तधन शोधण्याच्या निमित्ताने होणाऱ्या अघोरी कृत्यांना २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा ठरवावे लागले आहे. अशा रानात यंत्र वाटणे म्हणजे आगीत तेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नोंदीसाठी कायदा आहेच की! १८७८चा भारतीय निखात निधी अधिनियम सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर तो काय आहे, कुठे सापडला आणि कधी सापडला हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने जागा विचारली हे कौतुकाचेच. पण तो किमती वस्तूपुरता आहे. रंगीत खापराला किंमत नसते, जळक्या धान्याला नसते, आणि थराचा काळ तर त्यांच्यावरूनच ठरतो. शिवाय सरकारने ठेवा घेतला तर मोबदला म्हणून धातूचे मोल आणि वर त्याचा पाचवा हिस्सा, एवढीच तरतूद. इंग्लंडमध्ये बाजारभाव मिळतो. साठ किलो ब्राँझला मोडीच्या भावापेक्षा थोडे जास्त मिळणार असेल, आणि वर रान सरकारजमा होईल ही धास्ती असेल, तर शेतकरी गप्प बसला यात त्याचा दोष मानता येत नाही. तो गप्प बसतो तेव्हा वस्तू सोनाराकडे किंवा मोडीत जाते.

आणि वेळ थोडा आहे. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती खत म्हणून शेतात टाकण्याची रीत जुनीच; आता ट्रॅक्टरचा खोल नांगर आणि जेसीबी आला आहे. ज्या गावाच्या नावाने जोर्वे संस्कृती ओळखली जाते ते संगमनेर तालुक्यात, नेवासे प्रवरेवर, दायमाबादही प्रवरेवर, आणि हा सारा पट्टा उसाचा. म्हणून पहिले काम मोबदल्याचे कलम बदलण्याचे आणि दुसरे प्रत्येक नदीकाठच्या ग्रामपंचायतीत एक वही ठेवण्याचे. तिच्यात गट क्रमांक, बांधापासूनचे अंतर, किती हात खोल, मातीचा रंग, सोबत खापर, हाड की राख, एवढेच रकाने असावेत, आणि वर्षातून एकदा नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातल्या किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या जाणकाराने येऊन ती वाचावी. नॉरफोकच्या पुरातत्त्वज्ञांनी याहून अवघड काही केले नव्हते.