चरबी गप्प बसते तो क्षण

समजा, खजरान्यातील एखाद्या आजीबाई अंगणात पाय घसरून पडल्या. क्ष-किरणांच्या चित्रात हाड अभंग दिसते, कंबरेचे दुखणे मात्र हटत नाही. मग डॉक्टर एमआरआय काढण्यास सांगतात. खर्चाने धास्तावलेली घरची मंडळी विचारतात, एका फोटोत जे दिसले नाही ते दुसऱ्यात काय दिसणार? प्रश्न रास्त आहे.

आपल्या देहातील पाण्यात व चरबीत हायड्रोजन असतो आणि त्याचे प्रत्येक अणुकेंद्र म्हणजे एक चिमुकला चुंबकच होय. यंत्राच्या प्रबळ चुंबकात ह्या अणुकेंद्रांचा एकंदर कल एका दिशेस होतो. रेडिओलहरींचा एक स्पंद सोडला की तो कल पुरता उलटा होतो. पुढे तो आपल्या गतीने पूर्ववत होतो. ह्या गतीचे माप म्हणजे शिथिलन काल. दीड टेस्लाच्या चुंबकात चरबीस तो सुमारे पाव सेकंद, तर शुद्ध पाण्यास सुमारे तीन सेकंद लागतो.

मोजावयाचे कसे? उलटविणाऱ्या स्पंदानंतर किंचित थांबून अर्ध्या मापाचा दुसरा स्पंद द्यावयाचा. तो त्या क्षणीचा कल काटकोनात वळवून वाचावयास देतो. थांबण्याचा अवधी बदलीत हेच पुनःपुन्हा करावयाचे. परंतु दर खेपेस अणुकेंद्रे पूर्ण पूर्ववत व्हावी लागतात, म्हणून शिथिलन कालाच्या पाचपट वाट पाहणे आले. पाण्याच्या बाबतीत ही पंधरा सेकंदे होत. येथे घाई चालत नाही! (ह्या शास्त्राशी आपला संबंध जुना आहे. 1951 साली अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासह इथिल अल्कोहोलातील हायड्रोजनच्या तीन निरनिराळ्या रेषा दाखविणारे श्री. धर्माधिकारी नव्हेत, धर्मट्टी. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी हे संशोधन रुजविले.)

उलट्याचा सुलट होताना कल एका क्षणी शून्यातून जातो. तो क्षण शिथिलन कालाच्या सुमारे सात-दशांशावर येतो. चरबीचा म्हणजे सेकंदाच्या सुमारे सहाव्या भागाने. नेमके तेव्हाच वाचले तर चरबी गप्प! सुजेतील पाण्याचा काल बराच दीर्घ असल्याने ते मात्र त्या वेळी बोलत असते. वार्धक्यात हाडातील मज्जा बहुतांशी चरबीचीच असते. ती काळी पडली की बारीक तडेभोवतीची सूज उजळून दिसते. 1985 साली बायडर व यंग यांनी ह्या युक्तीचे वर्णन केले.

गॅडोलिनियमाचे इंजेक्शन दिल्यावर मात्र सुजेचाही काल आखूड होतो आणि चरबीबरोबर तीही लपू शकते. म्हणून हे चित्र सुई टोचण्यापूर्वीच घेतात.