'ओल्ड नंबर वन' : एका शर्यतीच्या मोटारीचे कुलवृत्त

जुन्या वाड्यात राहिलेल्यांना एक अनुभव असतो. पणजोबांनी बांधलेल्या वाड्याची कौले आजोबांनी बदललेली असतात, कुजलेल्या तुळया वडिलांनी काढलेल्या असतात, मातीच्या भिंती जाऊन विटांच्या आलेल्या असतात. आणि तरीही 'हा आमच्या पणजोबांचा वाडा' असे सांगताना आपली जीभ अडखळत नाही. त्याचे एक कारण असे की, कोणी आपल्याकडे पुरावा मागत नाही. पण समजा, वाडा विकायला काढला, आणि घेणारा पैसे मोजतो आहे ते केवळ पणजोबांच्या नावासाठी! मग?

नेमका हाच प्रश्न इंग्लंडात एका मोटारीच्या बाबतीत उपस्थित झाला. १९९० साली तो लंडनच्या हायकोर्टापुढे गेला, आणि निकालावर एक कोटी पौंडांचा व्यवहार अवलंबून होता. ती मोटार म्हणजे बेंटली कंपनीची 'ओल्ड नंबर वन'. निवाड्याचे मर्म कळायचे तर आधी तिचे कुलवृत्त पाहिले पाहिजे.

फ्रान्समधील ल मां येथे १९२३ पासून चोवीस तासांची मोटारशर्यत भरते. बहुतेक शर्यतींत अंतर ठरलेले असते आणि वेळ मोजतात. येथे वेळ ठरलेला, मोजायचे ते अंतर. तेव्हा एकेका गाडीवर दोन चालक असत, आळीपाळीने रात्रंदिवस. त्या काळी वाटेत गाडी बिघडली, तर चालकाने गाडीतल्याच हत्यारांनी ती आपल्या हाताने दुरुस्त करायची. अशा शर्यतीत वेगाइतकीच कसोटी लागते ती टिकाऊपणाची. शर्यत संपली की कारखान्यात गाडी उकलायची, झिजलेले काढायचे, नवे बसवायचे, हा तर नित्याचा परिपाठ. म्हणजे भाग बदलणे हा अशा गाडीच्या आयुष्यातला अपघात नव्हे, तो तिचा आहारच म्हणा ना!

रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केलेल्या डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ साली ही कंपनी काढली. गाड्या उत्तम, पण पैशाची ओढाताण कायमची. १९२६ मध्ये वुल्फ बार्नाटो यांनी भांडवल घातले आणि ते अध्यक्ष झाले. त्यांच्या वडिलांनी दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या हिऱ्यांवर अफाट संपत्ती मिळवली होती. आपल्याकडे कंपनीचा अध्यक्ष म्हटला की तो खुर्चीत बसलेला डोळ्यांपुढे येतो. हे गृहस्थ मात्र स्वतः चक्र हाती घेऊन शर्यतीत उतरत. ल मांला ते तीन वेळा उतरले आणि तिन्ही वेळा जिंकले : १९२८, १९२९ आणि १९३०.

यांपैकी शेवटचे दोन विजय आपल्या कथानायिकेचे. साडेसहा लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन असलेली ही 'स्पीड सिक्स' जातीची गाडी. १९२९ साली तिच्यावर १ हा आकडा होता, म्हणून नाव पडले 'नंबर वन'. बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी तिच्यावर २,८४० किलोमीटरच्या वर मजल मारली. पहिले चारही क्रमांक त्या वर्षी बेंटलींनी पटकावले. पुढल्या वर्षी बार्नाटोंच्या जोडीला ग्लेन किडस्टन होते. गंमत अशी की, या दुसऱ्या विजयाच्या वेळी गाडीचा आकडा ४ होता, आणि १ हा आकडा होता तो प्रतिस्पर्धी काराचिओलाच्या मर्सिडीजवर! पण एकदा पडलेले नाव असल्या बारीकसारीक गोष्टींची पर्वा करीत नाही.

१९३१ मध्ये कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली. गाडी मात्र पळत राहिली. त्याच वर्षी ब्रुकलंड्सची पाचशे मैलांची शर्यत जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी तिच्यावर ताशी सरासरी ११८ मैलांच्या वेगाने जिंकली. १९३२ साली तिच्यात चार लिटर गाडीची चासी आणि आठ लिटरचे इंजिन आले. ब्रुकलंड्सचा धावमार्ग काँक्रीटचा. वळणावर तो एका बाजूने भिंतीसारखा उचललेला. सप्टेंबर १९३२ च्या शर्यतीत जॅकचा भाऊ क्लाइव्ह डनफी ही गाडी चालवीत असता ती वळणाच्या वरच्या कडेवरून पलीकडे गेली, आणि क्लाइव्ह जागच्या जागी ठार झाला. तिची शर्यतीची कारकीर्द तेथे संपली. पुढे तिला बंदिस्त कूपे बॉडी चढवून ती बार्नाटोंसाठी रस्त्यावरची गाडी म्हणून सिद्ध करण्यात आली. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

१९९० च्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या मालकाने एका कंपनीशी विक्रीचा करार केला. पुढे कंपनीने हात आखडता घेतला. तिचे म्हणणे, ही 'ओल्ड नंबर वन' नव्हेच. मालक कोर्टात गेला. न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे जाणकारांच्या साक्षी झाल्या आणि गाडीचा एकेक अवयव तपासला गेला. निष्पन्न काय झाले? १९२९ साली कारखान्यातून शर्यतीला निघालेल्या गाडीतले, काळ सांगता येणार नाही अशा किरकोळ जोडण्या सोडल्या, तर काहीच उरलेले नाही. १९३० च्या गाडीतले पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा स्तंभ एवढेच. चासी, पुढचा आस, इंजिन ही सारी मोठी अंगे १९३२ च्या अपघातातल्या गाडीची.

एवढे वाचून कोणालाही वाटेल की मालक हरला. तसे झाले नाही. 'मूळ' आणि 'अस्सल' हे शब्द न्यायमूर्तींनी वेगळे केले. ही मूळ गाडी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ती अस्सल 'ओल्ड नंबर वन' आहे, असा निर्णय त्यांनी दिला. कारण असे की, नवे भाग आले ते हळूहळू, गाडी चालती असतानाच, आणि आलेला प्रत्येक भाग तिच्यात मुरत गेला. अमुक दिवशी जुनी गाडी संपली, असे बोट ठेवून दाखवता येत नाही. शिवाय या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही. आणि विकायला काढली होती ती नुसती धातूची राशी नव्हे; तिचा इतिहास आणि कीर्ती हाही त्या मालाचाच भाग होता.

हा वाद आपल्याला परका वाटू नये. मिलिंद राजाला भदंत नागसेनाने रथाचेच उदाहरण दिले होते : आस म्हणजे रथ नव्हे, चाके म्हणजे रथ नव्हेत, या साऱ्यांच्या आश्रयाने चालणारे 'रथ' हे एक नाव. उलट वैशेषिक म्हणतील, अवयव गेला की जुना अवयवी नष्ट झाला, आता आहे तो नवा. वैशेषिकांच्या न्यायाने मालक खटला हरला असता. लंडनचा न्यायाधीश, नकळत का होईना, नागसेनाच्या बराच जवळ गेला, असे मला वाटते.

निकाल मला पटतो. पण एक शंका राहते. दुसरा दावेदार नाही, या मुद्द्यावर निवाड्याचा बराच भार आहे. समजा, कारखान्यातल्या एखाद्या काटकसरी माणसाने काढून टाकलेली चासी, जुने इंजिन आणि बॉडी कोपऱ्यात जपून ठेवली असती, आणि पन्नास वर्षांनी कोणी ती जोडून उभी केली असती, तर? एक गाडी अखंड चालत आलेली आणि दुसरी जिंकणाऱ्या धातूची, अशा दोन गाड्या कोर्टाच्या दारात उभ्या राहिल्या असत्या. तसे घडले नाही. उतरवलेल्या भागांची अशी दुसरी गाडी उभी राहिली नाही. किडस्टनही मे १९३१ मध्येच दक्षिण आफ्रिकेत विमान कोसळून गेले होते. १९३० च्या त्या रात्री त्यांनी आणि बार्नाटोंनी ज्या स्तंभावरचे चक्र फिरवले आणि ज्या दांड्यावरची पेडले दाबली, ती दोन अंगे मात्र कोर्टाच्या तपासणीत गाडीत जागच्या जागी सापडली.