सात मिलिमीटरचं एकमत

शिवजयंतीला संभाजीनगरच्या क्रांती चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून ढोल-ताशा ऐका. आवाज उशिरा येतो, हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. शेजारच्या ढोलाचा ठोका काठी पडताक्षणी छातीत घुमतो. जालना रोडवर शंभर मीटर मागे असलेल्या पथकाची काठी मात्र आधी पडलेली दिसते आणि ठोका नंतर पोहोचतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर चालतो, म्हणजे शंभर मीटरला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ. मागच्या रांगेतला वादक नुसत्या कानावर विसंबून वाजवू लागला तर तो मागेच पडणार. म्हणून त्याची नजर पुढच्या वादकांच्या हातांवर असते.

आता याहून कितीतरी लहान वेळ मनात आणा. एका सेकंदाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे करायचे आणि त्यांतला एकच घ्यायचा. तेवढ्यात आवाज हवेतून सुमारे सात मिलिमीटर सरकतो. चौकातून निघालेला ठोका करंगळीच्या नखाची लांबीही पार करत नाही, इतका तो क्षण छोटा.

नव्वदच्या दशकात एक पेटी होती, जी सोळा स्वतंत्र टेप रेकॉर्डर या सात मिलिमीटरच्या आत एकत्र चालवत असे. सोळा कॅसेट, सोळा यंत्रं, प्रत्येकाची मोटर वेगळी, प्रत्येक फितीचा ताण वेगळा, आणि तरीही ऐकणाऱ्याला एकच रेकॉर्डर वाजतोय असं वाटावं. पेटीचं नाव बीआरसी, म्हणजे बिग रिमोट कंट्रोल. बनवणारी कंपनी अलेसिस. ती ज्या रेकॉर्डरना हाकत असे त्यांचं नाव एडॅट.

गाणं थरांनी बनवायची पद्धत आता इतकी रुळली आहे की तिचं नवल वाटत नाही. मुंबईच्या सिनेसंगीतात अनेक वर्षं गायक, कोरस आणि अख्खा वाद्यमेळ एकाच वेळी एकाच ठिकाणी जमत असे. ताडदेवच्या फेमसमध्ये मिनू कात्रक, मेहबूब स्टुडिओत रॉबिन चॅटर्जी असे ध्वनिमुद्रक काचेपलीकडे बसत. शेवटच्या कडव्यात एका व्हायोलिनचा सूर हलला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मल्टिट्रॅकने ही सक्ती काढून टाकली. एकाच फितीवर शेजारी शेजारी अनेक वाटा. एकीवर तबला, एकीवर बासरी, एकीवर आवाज. आज तबला, उद्या आवाज, आणि चुकलं तर फक्त तेवढंच पुन्हा. लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने १९५७ मध्येच ॲम्पेक्सकडून आठ ट्रॅकचा रेकॉर्डर करवून घेतला होता. पुढे १९७० च्या दशकाच्या शेवटी ही यंत्रं डिजिटल झाली. राय कूडरचा १९७९ चा ‘बॉप टिल यू ड्रॉप’ हा अल्बम ३एमच्या ३२ ट्रॅकच्या डिजिटल यंत्रावर घडला. पण ही यंत्रं कपाटाएवढी आणि किंमत मोठ्या स्टुडिओलाही घाम फोडणारी.

जानेवारी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला वाद्यांच्या व्यापारमेळ्यात कीथ बार यांच्या अलेसिसने एडॅट मांडला. आठ ट्रॅक, डिजिटल, किंमत ३,९९५ डॉलर. टेप कुठली? एस-व्हीएचएस, म्हणजे व्हिडिओ कॅसेटच, थोड्या सरस फितीची.

संभाजीनगरकरांना व्हिडिओ कॅसेटची ओळख करून द्यायला नको. पैठण रोडवर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. आणि गल्लोगल्ली शनिवारी रात्री भाड्याचा व्हीसीआर आणून सकाळपर्यंत तीन-तीन सिनेमे बघणारी घरं. त्याच आकाराच्या कॅसेटमध्ये गाण्याचे आठ ट्रॅक मावतील, ही कल्पना मला आजही थरारून टाकते. तिच्यामागचं कारण सुंदर आहे. साध्या ऑडिओ कॅसेटमध्ये फीत स्थिर हेडवरून सरकते. व्हिडिओत मात्र तिरका बसवलेला एक दंडगोल मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्या मारतो आणि त्यावरची हेड सरकत्या फितीवर तिरक्या रेघा ओढत जातात. फीत संथ चाललेली असते, पण हेड आणि फीत यांच्यातला वेग प्रचंड. चित्रासाठी हा वेग लागतोच. बार यांच्या चमूने ओळखलं की चित्राची जागा आकड्यांना देता येईल. हिशेब मांडून पाहा: एका सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे मोजमापं, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि ट्रॅक आठ, सेकंदाला ६१,४४,००० बिट. हे सगळं अर्धा इंच रुंद फितीवर. त्यासाठी फीत व्हीसीआरपेक्षा जवळजवळ तिप्पट वेगाने पळवावी लागे, म्हणून दोन तासांची कॅसेट चाळीस मिनिटांत संपत असे.

आठ ट्रॅकने भागत नाही. नुसत्या तालवाद्यांनाच ते पुरत नाहीत. मग दुसरं यंत्र आणा, तिसरं आणा. इथेच खरी अडचण सुरू होते, आणि बीआरसीचं कामही.

दोन टेप रेकॉर्डर एकाच क्षणी सुरू करणं सोपं आहे. ते बरोबर राहणं अवघड. मोटर किंचित हळू फिरते, फीत उन्हाळ्यात किंचित ताणते. ॲनालॉग काळात दोन यंत्रं बांधायची तर एक अख्खा ट्रॅक एसएमपीटीई टाइमकोडला, म्हणजे वेळ सांगणाऱ्या खुणेला, द्यावा लागे. तो कोड म्हणजे एक कर्कश गुरगुर. ती शेजारच्या ट्रॅकमध्ये झिरपते म्हणून बरेचदा शेजारचाही ट्रॅक मोकळा सोडत. चोवीस ट्रॅकांतले दोन असे गेले.

एडॅटमध्ये वेळेचे पत्ते फितीवर आवाजाच्या आकड्यांसोबतच लिहिले जातात. नवी कॅसेट आधी फॉरमॅट करायची, म्हणजे यंत्र फितीभर हे पत्ते कोरत जातं. चाळीस मिनिटांच्या फितीला चाळीस मिनिटं. त्यानंतर फितीवरचा प्रत्येक नमुना नेमका कितवा आहे, हे यंत्राला कळतं. यंत्रं एकमेकांना नऊ पिनांच्या केबलने साखळीत जोडायची; बीआरसी सगळ्यांच्या डोक्यावर. सुरू करताच प्रत्येक यंत्राला त्याचा क्रमांक आपोआप मिळतो. मग त्या केबलमधून तीन गोष्टी वाहू लागतात: घड्याळाची टिकटिक, ‘आत्ता आपण कुठे आहोत’ हा पत्ता, आणि ‘चला, थांबा, मागे या’ हे हुकूम.

प्ले दाबल्यावर काही सेकंद यंत्रं चाचपडताना दिसतात. मागची यंत्रं आपला पत्ता पुढच्याशी ताडून पाहतात, फीत किंचित जलद किंवा हळू करतात, आणि एकेक करून जुळतात. पण मोटरीला सात मिलिमीटरचा नेम कसा साधेल? तो साधतच नाही, आणि या सगळ्या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. फितीवरून वाचलेले आकडे थेट बाहेर पडत नाहीत. ते आधी छोट्या स्मृतीत साठतात. जायकवाडी धरणाचं पाणी नळाला कधी जोरात, कधी बारीक येतं, पण गच्चीवरच्या टाकीतून खालच्या नळाची धार सारखीच राहते, तसं. मोटरीचं काम एवढंच की टाकी रिकामी पडू नये आणि भरून वाहू नये. आकडे बाहेर सोडण्याचं काम घड्याळ करतं, आणि घड्याळ सगळ्यांचं एकच. म्हणून सोळाव्या यंत्राचा नमुनाही पहिल्याच्या नमुन्याशी जुळून निघतो. सोळा गुणिले आठ, १२८ ट्रॅक, आणि त्यांत फितीचं थरथरणं नावालाही नाही.

आता वापरणाऱ्याच्या हाताकडे येऊ. बीआरसी मिक्सरशेजारी ठेवलेली असते. यंत्रं लांब, रॅकमध्ये खरखरत असली तरी चालतं. ध्रुवपद कुठे सुरू होतं, अंतरा कुठे, सरोदचा तुकडा कुठे, या खुणा गाण्यागणिक तिच्यात नोंदवायच्या, नावं द्यायची. एक बटण दाबलं की सगळ्या कॅसेट एकत्र मागे पळतात आणि ध्रुवपदाच्या तोंडाशी येऊन थांबतात. या नोंदी साठवण्याची जागाही कॅसेटवरच: फॉरमॅट करताना फितीच्या सुरुवातीला दोन मिनिटांचा पट्टा यासाठीच राखलेला असतो. कॅसेट दुसऱ्या गावच्या स्टुडिओत नेली की गाण्याचा नकाशाही तिच्याबरोबर जातो.

सगळ्यांत नाजूक काम दुरुस्तीचं. गायिकेच्या ओळीत एकच शब्द बेसूर लागला आहे. आधीचं आणि नंतरचं अप्रतिम आहे. बीआरसीवर त्या शब्दाची सुरुवात आणि शेवट ठरवून द्यायचा. आधी ‘रिहर्स’: यंत्र त्या जागेपुरता जुना आवाज बंद करून नवा ऐकवतं, पण फितीवर काहीच लिहीत नाही. गायिकेला जमलं, आजूबाजूच्या शब्दांशी सांधा बसला, की मग खरं मुद्रण, आणि तेही नेमक्या त्याच दोन क्षणांमध्ये. जुन्या लहरीवर नवी लहर एकदम चिकटवली तर सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येईल. म्हणून यंत्र जुना आवाज मावळवत नवा उगववतं. हा मिलाफ किती लांब असावा याचे चार पर्याय मिळतात, आणि सर्वांत छोटा १०.६७ मिलिसेकंदांचा. हा विचित्र आकडा कुठून आला? तो बरोबर ५१२ नमुन्यांचा वेळ आहे.

आणखी एक सोय मला क्रांती चौकात परत नेते. बीआरसीवरून कुठलाही ट्रॅक १७० मिलिसेकंदांपर्यंत उशिरा वाजवता येतो. तेवढ्यात आवाज अठ्ठावन्न मीटर चालतो. पुतळ्यापाशी ढोल वाजला आणि आपण अठ्ठावन्न मीटरवर उभे असलो तर तो जसा उशिरा ऐकू येईल, तेवढाच उशीर एका बटणाने, कुणालाही जागचं न हलवता. वाद्याच्या अगदी जवळचा मायक्रोफोन आणि दूर, खोलीच्या टोकाला ठेवलेला मायक्रोफोन यांच्यातलं अंतर असं वेळेत मोजून जुळवता येतं, एकेका नमुन्याच्या पायरीने.

टॅस्कॅमने १९९३ मध्ये हाय-८ कॅसेटवर चालणारा डीए-८८ आणला, त्याचा मोठा रिमोट आरसी-८४८. सिनेमा आणि टीव्हीच्या लोकांना तो भावला. सोनीचा ४८ ट्रॅकचा पीसीएम-३३४८ मोठ्या स्टुडिओंत आपल्या जागी होताच. पण घरातल्या खोलीत बसून जगभर ऐकला जाईल असा अल्बम करता येतो, हे एडॅटने दाखवलं. अलानिस मॉरिसेटच्या १९९५ च्या ‘जॅगेड लिटल पिल’चं बरंचसं काम ग्लेन बॅलार्ड यांच्या घरच्या स्टुडिओत एडॅटवर झालं. पुढे संगणकाच्या हार्ड डिस्कने टेपची गरज संपवली. यंत्रं थांबली, तरी एडॅटची एक केबल अजून रोजच्या वापरात आहे: एकाच बारीक प्रकाशतंतूतून आठ ट्रॅक पाठवणारी. आज बाजारात मिळणाऱ्या कितीतरी ऑडिओ इंटरफेसवर ‘एडॅट’ असं लिहिलेलं चौकोनी भोक दिसतं, ते हेच.

त्यामुळेच जुन्या कॅसेट वाचवायची वाट अजून खुली आहे. कुणाच्या कपाटात अशा कॅसेट असतील, तर त्यांवर सिनेमाचं नाव नसेल, गाण्याचं असेल, आणि बहुधा दोन-तीन कॅसेट एकाच गाण्याच्या असतील. त्यांना वेगळं करू नये. सुट्या सुट्या वाजवून संगणकात उतरवल्या तर प्रत्येक वेळी यंत्राचं आपलं घड्याळ चालतं. समजा, दोन घड्याळांत दहा लाखांत वीस भागांचाच फरक आहे. चाळीस मिनिटांच्या शेवटी तो ४८ मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे आवाजाच्या चालीने सोळा मीटर. तबला आणि आवाज एकमेकांपासून सुटायला तेवढं फार झालं. तिन्ही कॅसेट तीन यंत्रांत घालून, बीआरसीने बांधून, तीन प्रकाशतंतूंनी चोवीस ट्रॅक एकदम उतरवले तर हा प्रश्नच उरत नाही.

त्याआधी एकच काम. कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची छोटी पाकळी मोडून टाकायची. व्हीसीआरच्या दिवसांत लग्नाची कॅसेट कुणी पुसू नये म्हणून घरोघरी हेच करत, आणि पुन्हा मुद्रण करायचं झालं तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावत. एखाद्या कॅसेटवर अशी पट्टी दिसली तर तीही काढायची. मग फीत शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळायची, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकींना चिकटून बसलेले वेढे सुटतात. बीआरसीवर सगळी यंत्रं जुळल्याचं पाहिलं की प्ले. कॅसेट चाळीस मिनिटांची असेल तर चाळीस मिनिटं बसावंच लागतं. ही फीत वाजते त्याच वेगाने वाचली जाते, त्याहून लवकर नाही.